राहून गेलेली हौस पुन्हा हाती कशी घ्यावी

गाणे शिकायचे होते, चित्रे काढायची होती, गोष्टी लिहायच्या होत्या, एकट्याने प्रवास करायचा होता. अशी एखादी इच्छा अनेकांच्या मनात वर्षानुवर्षे पडून असते आणि ती का राहून गेली असे विचारले, तर सवड मिळाली नाही हेच उत्तर येते. सवडीची अडचण खरी आहे, परंतु माझ्या मते त्याआधीची अडचण इच्छेच्या आकाराची असते. ‘गायक व्हायचे आहे’ एवढी मोठी इच्छा डोळ्यांसमोर असली, की हाताशी असलेली वीस मिनिटे क्षुल्लक वाटतात आणि ती तशीच निघून जातात. पुढे दिलेली पद्धत त्या वीस मिनिटांसाठी आहे. तिला एक वही, एक पेन आणि साधारण बारा आठवडे लागतील.

पायरी १ : इच्छांची नोंद करा

वही जवळ ठेवून आठवडाभर, जेव्हा सुचेल तेव्हा, करावेसे वाटणारे लिहून काढा. एका बैठकीत केलेल्या यादीत आपल्याला शोभतील अशाच इच्छा उतरतात. लहानपणी कोणत्या कामात तहानभूक हरपत असे, कोणाचे काम पाहताना पाय तिथेच रेंगाळतात, कोणाचा हेवा वाटतो, हे आठवायला मात्र काही दिवस जावे लागतात. हेव्याची नोंद करताना संकोचू नका. ज्या गोष्टीची आपल्याला मुळीच ओढ नाही, ती दुसऱ्याकडे पाहून सहसा हेवा वाटत नाही.

आठवड्याच्या शेवटी प्रत्येक इच्छेला दोन प्रश्न विचारा. हे काम कधीच कोणाला दिसणार नसेल, तरी मला ते करावेसे वाटेल का? आणि माझी इच्छा ‘होण्याची’ आहे की ‘करण्याची’? लेखक होणे पूर्णपणे आपल्या हातात नसते, कारण त्यात प्रकाशक, वाचक आणि नशीब असे बरेच वाटेकरी असतात. रोज एक परिच्छेद लिहिणे मात्र आपल्या हातात असते. म्हणून यादीतील प्रत्येक ‘होणे’ खोडून त्या जागी एखादे ‘करणे’ लिहून पाहा. काही इच्छा इथेच गळून पडतील, म्हणजे आपल्याला ते काम नको होते, त्या कामाला मिळणारा मान हवा होता. हे समजल्याने मनावरचे मोठे ओझे उतरते. उरलेल्या इच्छांपैकी सध्या एकच निवडा, कारण दोन कामे एकदम घेतली की एकाचा कंटाळा आल्यावर दुसऱ्याकडे पळता येते आणि हात कशातच बसत नाही.

पायरी २ : वेळ आणि जागा ठरवा

‘जमेल तेव्हा करीन’ हा संकल्प टिकत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉल्विट्झर यांनी नव्वदच्या दशकात केलेल्या अभ्यासांतून असे दिसले, की केवळ ध्येय ठरवणाऱ्यांपेक्षा ‘अमुक घडले की मी तमुक करीन’ असे नेमके ठरवणारे लोक आपले ठरवलेले अधिक वेळा पार पाडतात. तेव्हा वहीत एकच वाक्य लिहा: ‘रात्रीची आवराआवर झाली की मी खिडकीजवळच्या टेबलाशी बसून वीस मिनिटे चित्र काढीन.’ आधीपासून रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला नवे काम जोडून दिले, की ते घड्याळ पाहून आठवावे लागत नाही.

ही सवय किती दिवसांत लागेल, असा प्रश्न साहजिकच पडतो. लंडनमधील संशोधक फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांचे ८४ दिवस निरीक्षण करून २०१० साली जे निष्कर्ष छापले, त्यांनुसार एखादी कृती अंगवळणी पडायला साधारणपणे ६६ दिवस लागतात, परंतु माणसागणिक हा काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत बदलतो (८४ दिवसांपलीकडचे आकडे गणिताने काढलेले अंदाज आहेत). याच अभ्यासात असेही आढळले, की मधला एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्याच्या प्रक्रियेवर फारसा परिणाम होत नाही. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्यासारखे आहे, कारण एक दिवस चुकल्यावर ‘आता सगळेच बिघडले’ असे म्हणून काम सोडून देणारे फार असतात. ज्या दिवशी वीस मिनिटे शक्य नसतील, त्या दिवशी पाच मिनिटे बसा. तेही जमले नाही, तर दुसऱ्या दिवशी चुकलेला वाटा भरून काढण्याच्या भरीस न पडता नेहमीचीच वीस मिनिटे बसा.

साहित्य घरात असेल तेच वापरा. नवे रंग, नवे वाद्य किंवा महागडा कॅमेरा घेण्यात सुरुवातीचा सारा उत्साह खर्च होतो आणि खरेदीलाच काम समजण्याची चूक घडते.

पायरी ३ : वाईट काम जपून ठेवा

ही पायरी सर्वांत अवघड आहे आणि बहुतेक जण इथेच थांबतात. आपली पारख वर्षानुवर्षे उत्तम कलाकृती पाहून तयार झालेली असते, हात मात्र नुकता काम करू लागलेला असतो. त्यामुळे स्वतःचे पहिले चित्र किंवा पहिली कविता पाहून लाज वाटणे अटळ आहे. या लाजेचा अर्थ आपल्यात गुण नाहीत असा नसून, आपल्याला चांगले काय ते ओळखता येते एवढाच आहे. पहिल्या चार आठवड्यांतील काहीही फाडू नका, पुसू नका आणि दुरुस्तही करू नका. प्रत्येक कामावर तारीख घाला आणि ते बाजूला ठेवून द्या.

या काळात आनंद मिळण्यासाठी काम चांगले होण्याची गरज नसते. ड्रेक्सेल विद्यापीठातील गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात ३९ प्रौढांना ४५ मिनिटे रंग, माती आणि चिकटकामाचे कागद देऊन मनाला येईल ते करू दिले. सुमारे ७५ टक्के जणांच्या शरीरातील कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण त्यानंतर घटलेले आढळले आणि कलेचा पूर्वानुभव असण्या-नसण्याने त्यात विशेष फरक पडला नाही.

वय उलटून गेले असे वाटत असल्यास मेरी डिलेनी यांची आठवण ठेवावी. या इंग्रज बाईंनी १७७२ साली, वयाच्या ७२व्या वर्षी, रंगीत कागदाचे बारीक तुकडे कापून ते काळ्या पार्श्वभूमीवर चिकटवत फुलांची चित्रे करायला सुरुवात केली आणि दृष्टी अधू होईपर्यंतच्या साधारण दहा वर्षांत जवळजवळ हजार चित्रे पूर्ण केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्याआधी आयुष्यभर त्यांनी भरतकाम आणि रेखाटन हौसेने केले होते, म्हणजे हात तयार होता. आपणही पूर्वी काय काय करून सोडून दिले आहे हे आठवून पाहिले, तर वाटते तितकी पाटी कोरी नसते.

पायरी ४ : आठवड्यातून एक नवा अनुभव घ्या

रोज तेच पाहणाऱ्या डोळ्यांना काही दिवसांनी ते दिसेनासे होते. मेंदू परिचित गोष्टींची दखल घेणे कमी करतो, आणि म्हणूनच ज्या सुखाची आस लावून बसलो होतो ते मिळाल्यावर थोड्याच दिवसांत नेहमीचे वाटू लागते. यावर उपाय म्हणून लांबचा प्रवासच हवा असे नाही. कधीही न गेलेल्या रस्त्याने पायी घरी या, अनोळखी विषयावरचे व्याख्यान ऐका, एखाद्या कारागिराची परवानगी घेऊन त्याचे काम तासभर पाहा, पहाटे उठून पक्ष्यांचे आवाज मोजा. त्यातही चालण्याला मी अग्रक्रम देईन. स्टॅनफर्ड विद्यापीठातील २०१४ सालच्या प्रयोगांत बसून राहण्यापेक्षा चालताना लोकांना अधिक कल्पना सुचल्या, आणि कोऱ्या भिंतीसमोर यंत्रावर चालतानाही तसेच आढळले.

अनुभव घेताना फोन खिशात राहू द्या. संग्रहालयातील वस्तूंचे फोटो घेणाऱ्यांना त्या वस्तू नुसत्या पाहणाऱ्यांपेक्षा कमी आठवतात, असे मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांच्या प्रयोगांत दिसले होते. त्याऐवजी परतल्यावर वहीत पाहिलेली एक गोष्ट, ऐकलेला एक आवाज आणि मनात आलेला एक प्रश्न एवढे लिहा, आणि जमेल तसे एक वेडेवाकडे रेखाटन करा. यांपैकी एक तरी गोष्ट पुढच्या आठवड्याच्या वीस मिनिटांत वापरायची, असा नेम ठेवा.

एक गोष्ट गांभीर्याने सांगायला हवी. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच मन रमत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर तो आळस समजू नका आणि छंदाने बरे वाटेल म्हणून थांबूही नका, डॉक्टरांना भेटा.

पायरी ५ : कोणाला दाखवायचे ते जपून ठरवा

पहिले काही आठवडे काम कोणालाही दाखवू नये असे माझे मत आहे. नंतर एकाच विश्वासू माणसाला दाखवा आणि ‘कसे वाटले?’ असे विचारण्यापेक्षा ‘यातला कोणता भाग लक्षात राहिला?’ असे विचारा, म्हणजे स्तुती किंवा निंदा न मिळता उपयोगी उत्तर मिळेल.

कमाईचा विचारही लांबणीवर टाका. हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो, त्याला १९७३ सालच्या एका प्रसिद्ध प्रयोगाचा आधार आहे. मुळात चित्रे काढायला आवडणाऱ्या लहान मुलांना बक्षीस कबूल करून चित्रे काढायला लावले, तेव्हा पुढे मोकळ्या वेळेत ती मुले चित्रकलेकडे इतरांपेक्षा कमी वळली. मोठ्यांनीही निदान बारा आठवडे स्वतःला बक्षिसाचे आमिष दाखवू नये.

पायरी ६ : बाराव्या आठवड्यात वही उघडा

तारखा घातलेली सर्व कामे क्रमाने मांडा आणि पहिले व शेवटचे शेजारी ठेवून पाहा. त्यानंतर पाने चाळत, कोणत्या दिवशी वीस मिनिटांची चाळीस केव्हा झाली ते कळले नाही, त्या दिवसांवर खूण करा. त्या दिवशी नेमके काय करत होता, विषय कोणता होता, आदल्या दिवशी कुठे गेला होता, हे प्रत्येक खुणेपुढे लिहा आणि पुढच्या बारा आठवड्यांचे पहिले वाक्य त्यातून निवडा.