आयडलिंगला आरपीएम पडतो? आधी थ्रॉटल बॉडी बघा

पेट्रोल इंजिन पूर्ण तापल्यावर, एसी आणि दिवे बंद असताना, गाडी उभी ठेवून अॅक्सिलरेटर न दाबता (म्हणजे आयडलिंगला) आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, साधारण ६५० ते ८५० च्या दरम्यान स्थिर राहायला हवा. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. आता एसी लावा. काटा क्षणभर खाली जाऊन सावरला तर ठीक. खालीच राहिला किंवा इंजिन बंद पडलं, तर लोड आल्यावर लागणारी जादा हवा मिळत नाहीये.

बहुतेक वेळा कारण साधं असतं: थ्रॉटल बॉडीत, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागात, चकतीच्या कडेला साचलेला काळा थर. इग्निशन बंद करून हवेचा पाइप काढा, थ्रॉटल बॉडी क्लीनर कापडावर मारून कडा पुसा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची चकती बोटाने ढकलू नका, आतले गिअर तुटू शकतात. जुन्या गाडीत आयडल कंट्रोल व्हॉल्व्हही (आयडलिंगची हवा सांभाळणारी झडप) साफ करा. नंतर अनेक गाड्यांत आयडल रीलर्न करावं लागतं, म्हणजे कॉम्प्युटरला आयडलिंगची हवा नव्याने शिकवावी लागते, नाहीतर काटा काही काळ वर राहू शकतो.

तरीही फरक नाही? ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) उघडा अडकला असेल, तर आयडलिंगला इंजिन थरथरतं पण वेगात बरं चालतं. व्हॅक्यूम गळतीला, म्हणजे थ्रॉटलच्या पुढे फटीतून आत शिरणाऱ्या जादा हवेला, सरसकट दोष देऊ नका. मॅप सेन्सरवर (मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणारा) चालणाऱ्या इंजिनात गळतीने आरपीएम उलट वाढतो. एअरफ्लो सेन्सरच्या (आत येणारी हवा मोजणारा) गाडीत मात्र मिश्रण पातळ होऊन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडून, आरपीएम पडू शकतो. स्कॅनरवर आयडलिंगला फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटरने पेट्रोलात केलेली वाढ किंवा घट) +१० टक्क्यांच्या वर आणि २,५०० आरपीएमला शून्याजवळ दिसला, तर गळतीसाठी व्हॅक्यूमचे रबरी पाइप तपासा.

थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू (चकती किती मिटावी हे ठरवणारा) फिरवून आरपीएम वाढवायचा मोह मात्र टाळा.