६० टक्के पाऊस म्हणजे किती ओल? खरीप पेरणीआधी वाचायचा सल्ला

"उद्या ८० टक्के पाऊस दाखवतोय, पेरून टाकू का?" मृग लागला की हा प्रश्न मला दिवसातून चार-पाच वेळा ऐकू येतो. मी उलट विचारतो, रानात ओल किती खोल गेलीय? त्यावर बहुतेक जण गप्प होतात. मोबाईलवरचा आकडा तोंडपाठ असतो, पण बांधावर जाऊन कुदळीनं माती उकरून बघितलेली नसते.

मीही हे भोगलंय. काही वर्षांपूर्वी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका अ‍ॅपवर सलग तीन दिवस ९० टक्के दिसत होतं. तोवर रानात जेमतेम ३५ मिलिमीटर पाऊस झाला होता. पुढचा पाऊस आलाच समजून मी चाड्यावर मूठ धरली आणि दोन एकर सोयाबीन पेरलं. पाऊस आला, पण नुसता शिंतोडा. मग खंड पडला. बी फुगलं, मोड आले आणि मातीतच करपले. बियाणं, खत, पेरणीची मजुरी सगळं दुसऱ्यांदा. नंतर शांतपणे विचार केल्यावर कळलं की अंदाज चुकला नव्हता. पाऊस येण्याची शक्यता मोठी होती आणि तो आला. किती येईल, हे मात्र मी माझ्या मनानं भरलं होतं.

आकड्याचा मनावर होणारा परिणाम इथंच कळतो. ९० हा आकडा पाहिला की आपल्याला वाटतं, भरपूर पाऊस. पण ती टक्केवारी पावसाच्या प्रमाणाची नसते, तो येण्याच्या शक्यतेची असते. बऱ्याच अंदाजांमध्ये २ मिलिमीटर पडला तरी पाऊस आला असंच धरतात. आजच्यासारखी हवा दहा वेळा जुळून आली तर सहा वेळा पाऊस येईल आणि चार वेळा येणार नाही, असा ६० टक्क्यांचा अर्थ. हा घोळ फक्त आपल्याकडचा नाही. गेर्ड गिगेरेंझर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी अ‍ॅमस्टरडॅम, अथेन्स, बर्लिन, मिलान आणि न्यूयॉर्कच्या लोकांना "उद्या ३० टक्के पावसाची शक्यता" म्हणजे काय, असं विचारलं होतं. दिवसातला ३० टक्के वेळ पाऊस पडेल किंवा ३० टक्के भागात पडेल, असं अनेकांनी सांगितलं. बरोबर अर्थ सांगणारे बहुसंख्य लोक फक्त न्यूयॉर्कमध्ये सापडले.

दुसरी गोष्ट जागेची. अ‍ॅपवर आपल्या गावाचं नाव दिसलं की तो अंदाज आपल्याच शिवाराचा वाटतो. २०२५ च्या मे महिन्यात सुरू झालेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' ही सरकारी अंदाज प्रणाली ६ किलोमीटरच्या चौकटीनं अंदाज काढते, आधीची चौकट १२ किलोमीटरची होती. सुधारणा मोठीच आहे. तरी ६ बाय ६ किलोमीटर म्हणजे जवळजवळ ९ हजार एकर. वळवाचा पाऊस ओढ्याच्या अलीकडं पडतो आणि पलीकडं धूळ उडते, हे आपण दरवर्षी बघतो. म्हणून हवामान विभागाच्या बातमीपत्रातले शब्द नीट वाचा. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या चारातल्या जास्तीत जास्त एका ठिकाणी. 'काही ठिकाणी' म्हणजे फार तर निम्म्या ठिकाणी. 'तुरळक ठिकाणी जोरदार' यातला फक्त 'जोरदार' लक्षात ठेवून तिफण जुंपू नका.

२०२५ चं साल आठवा. मान्सून २४ मे रोजी केरळात आला आणि २६ मे रोजी मुंबईत, इतक्या लवकर तो मुंबईत कधी नोंदला गेला नव्हता. नंतर मात्र त्याची पुढची वाटचाल जवळपास तीन आठवडे थबकली. घाई करून पेरू नका, असं कृषी विभाग सांगत होता. त्याच वर्षी केंद्रीय कृषी मंत्रालयानं १३ राज्यांतल्या सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना कृत्रिम बुद्धिमत्तेनं काढलेले मान्सूनचे अंदाज एसएमएसनं पाठवले. असे संदेश यापुढं वाढतच जाणार आहेत आणि ते उपयोगाचे आहेत, त्यांच्याकडं पाठ फिरवू नका. फक्त प्रत्येक आकडा वाचल्यावर स्वतःला विचारा, हा अंदाज फसला तर माझं काय जाईल?

आकडा तोच असला तरी उत्तर कामागणिक बदलतं. कडबा उघड्यावर पडलाय आणि अंदाज ३० टक्के आहे? झाका. ताडपत्री ओढायला अर्धा तास लागतो, भिजला तर वर्षाची वैरण जाते. फवारणीचं औषध कालवायचंय आणि दुपारी ४० टक्के दाखवतंय? थांबा, धुऊन गेलेलं औषध परत मिळत नाही. सोयाबीनची पेरणी मात्र ८० टक्क्यांवरही करू नका, पुरेशी ओल नसेल तर. साधारण १५ जुलैपर्यंत सोयाबीन पेरता येतं, थांबल्यानं फार बिघडत नाही. मूग-उडदाला तितकी सवड नाही, जूनअखेरीस किंवा फार तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात पेरणी उरकावी लागते. तिथं थोडी जोखीम घेणं समजू शकतो.

सोयाबीनसाठी नियम जुनाच आहे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून गेलेला हवा, येणारा धरू नये. तो पाऊस आपल्या रानात मोजा. महसूल मंडळाच्या स्वयंचलित हवामान केंद्राचा आकडा तुमच्या बांधापासून कित्येक किलोमीटर दूरचा असू शकतो. सरळ कडांचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर, झाडापासून लांब ठेवा. सकाळी पट्टीनं पाणी मोजा, जितके मिलिमीटर खोल तितके मिलिमीटर पाऊस. एका मिलिमीटरला एकरी सुमारे ४ हजार लिटर पाणी पडतं. मग कुदळीनं वीतभर उकरा. खालपर्यंत ओल सलग लागली आणि वापसा आला, म्हणजे चिखल जाऊन माती कामाजोगी झाली, की पेरा, ३ ते ५ सेंटिमीटर खोलीवर. शक्य असेल तिथं रुंद वरंबा सरी पद्धत वापरा, खंडातही ओल टिकते आणि जास्तीचं पाणी निघून जातं.

डब्याशेजारी एक वही ठेवा. संध्याकाळी अ‍ॅपची टक्केवारी लिहा, सकाळी प्रत्यक्ष पडलेला पाऊस. महिनाभर हे केलं तर कुठल्या अंदाजावर किती भिस्त ठेवायची ते तुमच्या वहीतच दिसेल. वही नसली की मन फसलेले अंदाजच लक्षात ठेवतं. शिवाय दोन अ‍ॅपचे आकडे वेगळे आले की आपल्याला हवा तो आकडा आपण खरा धरतो. पेरायची घाई असली की ८० वाला बरोबर, नसली की ४० वाला.

एका गोष्टीबद्दल मला खरी काळजी वाटते. दोन-तीन इशारे कोरडे गेले की माणसं पुढचा इशारा उघडूनही बघत नाहीत. पावसाच्या बाबतीत त्यानं पीक जाईल, विजेच्या बाबतीत माणूस जातो. देशात दरवर्षी दोन हजारांहून जास्त लोक वीज पडून मरतात, त्यात शेतात काम करणारे मोठ्या संख्येनं असतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप जवळपासच्या विजांची सूचना देतं. ती दहादा वाजून वीज पडली नाही, तरी अकराव्यांदाही झाडाखालून निघून पक्क्या घरात जायचं.

पुढं जुलै-ऑगस्टमध्ये अ‍ॅपवर पानांचे फोटो टाकून रोग ओळखणं सुरू होईल. फोनवर '९२ टक्के खात्री' आली की डोळ्यांना तोच रोग दिसायला लागतो. म्हणून आधी स्वतः बघा, काय वाटतं ते वहीत लिहा आणि मगच फोटो टाका. पिवळ्या सोयाबीनवर तर हे कराच. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, रानात पाणी तुंबलं असेल, तर लोहाची कमतरता असू शकते, आधी पाणी बाहेर काढा. पानांवर हिरवे-पिवळे वेडेवाकडे चट्टे आणि झाडावर पांढरी माशी असेल, तर पिवळा मोझॅक हा रोग, ती झाडं उपटून नष्ट करा. फोटोत दोन्ही सारखीच दिसू शकतात. चॅटबॉटनं औषध सुचवलं तर मात्रा डब्याच्या लेबलवर ताडून बघा, कारण माहीत असलेलं आणि नसलेलं तो एकाच ठाम सुरात सांगतो. शंका उरली तर कृषी विज्ञान केंद्राला किंवा किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर विचारा.

पाऊस लांबला तर थांबण्याचे दिवस उगवणक्षमता तपासण्यात घालवा. सोयाबीनच्या घरच्या बियाण्यातले १०० दाणे ओल्या गोणपाटात ओळीनं मांडा, गुंडाळा, सावलीत ठेवा आणि पाणी शिंपडत राहा. सातएक दिवसांनी उघडा. ७० किंवा जास्त दाण्यांना चांगले कोंब आले तर एकरी ३० किलो पुरे. त्याहून कमी आले तर बियाणं त्या हिशेबानं वाढवा, आणि फारच कमी आले तर पाऊस यायच्या आत दुसरं बियाणं बघून ठेवा.