नवी नोकरी सांभाळून स्पॅनिश कसं शिकावं

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात ट्रेनी म्हणून रुजू झालो, त्याच आठवड्यात मी स्पॅनिशचा क्लास लावला. सव्वा महिन्यात क्लास सुटला आणि कामातही चुका झाल्या. वर्षभरानं पुन्हा सुरुवात केली ती वेगळ्या क्रमानं. तोच क्रम इथे सांगतो.

पायरी १ : पहिले तीन महिने नोकरीचे

नव्या माणसाला सगळ्यात जड जातं ते न कळलेलं विचारणं. सकाळच्या मीटिंगमध्ये पीपीएम, रीवर्क, रिजेक्शन असे शब्द भराभर येतात आणि आपण नुसती मान डोलावतो. खिशात छोटी वही ठेवा. अडलेला शब्द लिहा आणि चहाच्या सुट्टीत लाइनवरच्या जुन्या ऑपरेटर काकांना विचारा. मला तरी कुणी कधी झिडकारलं नाही. या काळात स्पॅनिश फक्त कानावर पडू द्या, गाणी किंवा बातम्या, समजलं नाही तरी चालेल. हीच वही पुढे स्पॅनिशला कामी येते, आणि विचारायची भीडही तोवर चेपलेली असते.

पायरी २ : तासांचा खरा हिशेब मांडा

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकांना स्पॅनिशमध्ये कामापुरतं तयार करायला साधारण ६०० ते ७५० तास धरते. तुम्ही आठवड्यातले पाच दिवस रोज ४० मिनिटं आणि सुट्टीच्या दिवशी दोन तास दिलेत, तर वर्षाला पावणेतीनशेच्या आसपास तास होतात. म्हणजे सव्वादोन ते पावणेतीन वर्षं. ‘तीन महिन्यांत अस्खलित’ अशा जाहिरातींवर पैसे घालू नका.

नाशिक रोडहून सातपूरला सिटीलिंकनं जाणाऱ्यांना ही ४० मिनिटं बसमध्येच सापडतात. दुचाकीवर मात्र इअरफोन नकोच. नाइट शिफ्टच्या आठवड्यात नवा धडा घेऊ नका, जुनाच उजळा.

पायरी ३ : इंग्रजीवरून नको, मराठीवरून शिका

ही गोष्ट मला फार उशिरा कळली, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ‘मला द्राक्षं आवडतात’ याला स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्तान लास ऊवास’ म्हणतात. ‘मे’ म्हणजे मला. द्राक्षं अनेकवचनी, म्हणून क्रियापदही अनेकवचनी. एकच आंबा आवडत असेल तर ‘गुस्तान’चं ‘गुस्ता’ होतं, जसं आपल्याकडे ‘आवडतात’चं ‘आवडतो’ होतं. इंग्रजीतून शिकणारा इथे आठवडेच्या आठवडे अडकतो. आपल्याला ही रचना आईच्या बोलण्यातूनच मिळालेली असते.

चांगला-चांगली, तसं ‘बुएनो-बुएना’. तू आणि तुम्ही, तसं ‘तू’ आणि ‘उस्तेद’. क्रियापदाच्या शेवटावरून कर्ता कळतो, म्हणून ‘मी’ गाळलेला चालतो: ‘त्राबाखो एन नाशिक’, नाशकात काम करतो. उच्चारातला ‘त’ आपल्या ‘तांदूळ’मधला. इंग्रजीच्या सवयीनं ‘टोमाटे’ म्हणू नका, ‘तोमाते’ म्हणा. आणि आपला ‘पगार’ पोर्तुगीजांकडून आलाय, स्पॅनिशमध्येही ‘पागार’ म्हणजे पैसे देणं. पहिला पगार हातात आलेल्या माणसाला हा शब्द पाठ करावा लागत नाही.

मराठी जिथे मदत करत नाही ती जागा ‘आहे’ची. ‘मी इंजिनिअर आहे’ला ‘सोय’ आणि ‘मी नाशकात आहे’ला ‘एस्तोय’. ओळख, व्यवसाय यांना पहिलं. ठिकाण, तात्पुरती अवस्था यांना दुसरं. यावर रोज पाच वाक्यं लिहा, तीही आपल्याच दिवसाची: मी थकलोय, मशीन बंद आहे, काका कँटीनमध्ये आहेत.

पायरी ४ : साहेबांना आधी सांगा

प्रोबेशन संपल्यावर सरळ बोला: ‘सर, मंगळवारी आणि गुरुवारी साडेआठला माझा क्लास असतो. काही अर्जंट असेल तर थांबेन.’ आधी सांगितलेलं बहुतेकांना पटतं. ऐनवेळी पळणारा मुलगा मात्र लक्षात राहतो. बोलायला जोडीदार शोधत असाल तर वेळ जुळवून पाहा. आपल्याकडे रात्रीचे साडेआठ, तेव्हा मेक्सिको सिटीत सकाळचे नऊ वाजलेले असतात. स्पेन आपल्यामागे उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार.

पायरी ५ : रेझ्युमेवर जपून लिहा

मी ‘स्पॅनिश येतं’ असं लिहिलं होतं. एका मुलाखतीत समोरच्यांनी स्पॅनिशमधून ओळख करून द्यायला सांगितली आणि दुसऱ्याच वाक्याला मी अडलो. त्यानंतर बाकीच्या उत्तरांवरचा त्यांचा विश्वासही उडालेला दिसला. ‘ए १ पातळी, शिक्षण सुरू’ असं लिहा. ए १ म्हणजे भाषेची अगदी सुरुवातीची पातळी. माझ्या मते बी १ च्या, म्हणजे मधल्या पातळीच्या आधी भाषेच्या जोरावर नोकरी बदलायचा विचार करू नये.

पायरी ६ : परीक्षा

इन्स्तितुतो सेर्वांतेस या स्पेन सरकारच्या भाषा-संस्थेच्या ‘देले’ या स्पॅनिशच्या परीक्षेच्या सहा पातळ्या आहेत, ए १ ते सी २. प्रमाणपत्राला मुदत नसते. ए १ ला १०० पैकी ६० गुण लागतात, पण वाचन-लेखन आणि श्रवण-संभाषण या दोन्ही गटांत ५० पैकी किमान ३० हवेत. एकट्यानं शिकणारे बोलण्यात कमी पडतात, म्हणून महिन्याला एकदा दोन मिनिटं बोलून फोनवर रेकॉर्ड करा आणि मागच्या महिन्याचं ऐका. अर्ज भरण्याआधी कंपनीचं ऑडिट आणि मार्चएंड कधी आहे ते कॅलेंडरवर बघून घ्या.