सनदेच्या अर्जात जुनी पोलीस केस कशी लिहावी

गुणपत्रके, पदवी, ओळखपत्र, फोटो ही जुळवाजुळव झाली असेलच. सनदेचा, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा, अर्ज अडतो तो गुन्ह्यांच्या रकान्यापाशी.

‘सुटलास ना, मग लिहायचं कशाला?’ हा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. महत्त्वाची बाब खोटी सांगून नाव नोंदवले असे दिसले, तर अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम २६ खाली भारतीय बार कौन्सिल ते नाव पटावरून काढू शकते, वकिली सुरू झाल्यावरसुद्धा. कौन्सिलच्या सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकाने तर निर्दोष सुटलेली केसही विधी महाविद्यालयातच जाहीर करायला सांगितली आहे.

आधी प्रश्न शब्दशः वाचा. गुन्हा दाखल झाला होता का, खटला प्रलंबित आहे का आणि शिक्षा झाली का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. सगळ्यात जास्त चूक तिसऱ्यात होते. जुगाराच्या किंवा दारू पिऊन गाडी चालवल्याच्या केसमध्ये कोर्टात गुन्हा कबूल करून दंड भरला असेल, तर ती शिक्षाच आहे. तिथे ‘नाही’ लिहू नका. उलट, कायद्याने तडजोडयोग्य गुन्हा कोर्टासमोर आपसात मिटला असेल, तर त्याचा परिणाम निर्दोष मुक्ततेचा असतो.

मग कागद काढा. ‘तुमची बी समरी पाठवली’ (तक्रार खोटी) किंवा ‘सी समरी झाली’ (तक्रार गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची) या ठाण्यातल्या तोंडी उत्तरावर विसंबू नका. पोलीस समरी अहवाल, म्हणजे केस बंद करण्याचा अहवाल, पाठवतात, मंजूर करतात ते मॅजिस्ट्रेट. त्या आदेशाचीच सही-शिक्क्याची नक्कल हवी. केस उच्च न्यायालयात रद्द झाली असेल तर तो आदेश घ्या आणि एक प्रत पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या, नाहीतर चारित्र्य पडताळणीत तोच गुन्हा पुन्हा वर येऊ शकतो. ई-कोर्ट्सवर नावाने काही सापडले नाही म्हणून केस नाही असे समजू नका. स्पेलिंग बदललेले असते. गु.र.नं. (ठाण्यातला गुन्हा रजिस्टर नंबर) आणि वर्ष टाकून शोधा.

रकान्यात हकीकत नको, एवढेच पुरे: ‘गु.र.नं. अमुक/२०१९, अमुक पोलीस ठाणे, भा.दं.वि. कलम ३२३, ५०४; आर.सी.सी. नं. अमुक; अमुक तारखेस निर्दोष मुक्तता; निकालाची नक्कल जोडली आहे.’ (आर.सी.सी. नं. म्हणजे कोर्टातला खटल्याचा क्रमांक.) ‘किरकोळ भांडण होते’ हे शब्द घालू नका.

शिक्षा झाली असेल तर अधिवक्ता अधिनियमाचे कलम २४-अ वाचा. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यातली शिक्षा नोंदणी अडवते, पण सुटकेनंतर दोन वर्षांनी ती अपात्रता संपते. परिवीक्षा अधिनियम, १९५८ खाली (चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर किंवा समज देऊन) सोडले असेल तर ती लागूच होत नाही. हे कलम नुसत्या प्रलंबित खटल्याने कोणाला अपात्र ठरवत नाही, म्हणून तो बिनधास्त लिहा.

पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीच्या अर्जात सध्याचा आणि कायमचा, दोन्ही पत्ते भरा. अर्ज दिल्यानंतर सनद हातात येण्याआधी नवा गुन्हा दाखल झाला, तर तेही लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा.