यूपीएक्सने पॅक केलेली एक्झिक्युटेबल फाइल कमांड लाइनवरून अनपॅक कशी करावी

यूपीएक्स हे मुक्त स्रोत साधन एक्झिक्युटेबल, म्हणजे थेट चालवता येणारी प्रोग्रामची फाइल कॉम्प्रेस (पॅक) करते आणि कॉम्प्रेस केलेली फाइल पूर्ववतही (अनपॅक) करते. आकार साधारणपणे ५० ते ७० टक्क्यांनी घटतो, असे त्याचे निर्माते सांगतात. अशी फाइल झिपप्रमाणे आधी उघडून घ्यावी लागत नाही. तिच्यात स्टब नावाचा कोडचा एक छोटा तुकडा जोडलेला असतो, जो प्रोग्राम सुरू होताच मूळ कोड मेमरीत उलगडतो आणि नियंत्रण त्याच्याकडे सोपवतो. त्यामुळे डिस्कवरची फाइल डिसअसेम्बलरमध्ये, म्हणजे यंत्रभाषेतील कोड वाचनीय सूचनांत दाखवणाऱ्या साधनात उघडली, तर हाती स्टब आणि निरर्थक भासणारा डेटा एवढेच लागते. अँटिव्हायरसने एखाद्या निरुपद्रवी प्रोग्रामवर संशय घेतला किंवा बाहेरून आलेली फाइल तपासायची असली, की ती अनपॅक करावी लागते.

डेबियन किंवा उबुंटूवर हे साधन पॅकेज मॅनेजरमधून मिळते, मॅकवर होमब्रूमधून घेता येते, आणि विंडोजसाठी प्रकल्पाच्या गिटहब पानावरील झिप उतरवून त्यातील फाइल एखाद्या फोल्डरमध्ये ठेवली की पुरते. शक्यतो सर्वांत नवी आवृत्ती घ्यावी, कारण नव्या आवृत्तीने पॅक केलेली फाइल जुनीला उलगडता येईलच असे नाही. पुढे दिलेल्या साऱ्या कमांड रोमन लिपीत आणि छोट्या अक्षरांत टंकाव्यात.

सुरुवात मूळ फाइलची प्रत काढून करावी आणि मूळ फाइलचा शा-२५६ हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा, नोंदवून ठेवावा. लिनक्सवर त्यासाठी शा२५६सम आणि विंडोजवर सर्टयुटिल वापरता येते. त्यानंतर ‘यूपीएक्स -एल’ आणि पुढे फाइलचे नाव अशी कमांड द्यावी. तिच्या उत्तरात मूळ आकार, सध्याचा आकार, दोहोंचे गुणोत्तर आणि ‘विन६४/पीई’ किंवा ‘लिनक्स/एएमडी६४’ असा फाइलचा प्रकार एका ओळीत दिसतो. मग ‘यूपीएक्स -टी’ देऊन आतला डेटा शाबूत असल्याची खात्री करावी. या दोन पायऱ्या पुष्कळ जण गाळतात. पण फाइलमध्ये काही गडबड असेल, तर ती इथेच, काहीही न बदलता कळते, म्हणून त्या टाळू नयेत असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

प्रत्यक्ष अनपॅक करण्याची कमांड ‘यूपीएक्स -डी’ ही आहे, मात्र ती नुसती दिली तर दिलेल्या फाइलवरच उलगडलेली फाइल लिहिली जाते. त्याऐवजी ‘यूपीएक्स -डी -ओ नवी.ईएक्सई जुनी.ईएक्सई’ या रचनेची कमांड द्यावी, म्हणजे जुनी फाइल जशीच्या तशी राहते आणि उलगडलेली फाइल नव्या नावाने तयार होते. या क्रियेत तपासली जाणारी फाइल चालवली जात नाही, ही फार मोलाची गोष्ट आहे. तरीही फाइल संशयास्पद असेल, तर चुकून डबल-क्लिक होण्याचा धोका लक्षात घेऊन सारे काम नेटवर्क तोडलेल्या व्हर्च्युअल मशीनमध्येच करावे. तयार झालेली फाइल पॅक करण्यापूर्वीच्या फाइलशी बाइटगणिक जुळेलच असे गृहीत धरू नये. कोड तोच असला, तरी हेडरमध्ये, म्हणजे फाइलची माहिती देणाऱ्या भागात, फरक राहू शकतो, आणि त्यामुळे हॅशही वेगळा येऊ शकतो.

फाइल यूपीएक्सने पॅक केलेली नाही असा संदेश आला, तर ती मुळात पॅक केलेली नसेल किंवा दुसऱ्या पॅकरने केलेली असेल. फाइल बदललेली, हॅक केलेली किंवा संरक्षित आहे असा संदेश आला, तर मात्र थांबून नीट पाहावे. यूपीएक्स आपली खूण म्हणून ‘यूपीएक्स!’ हे चार बाइट फाइलमध्ये ठेवते. फाइलमधील बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये ते ५५ ५० ५८ २१ असे दिसतात. विंडोजच्या फाइलमध्ये सेक्शनची, म्हणजे तिच्या अंतर्गत विभागांची नावेही यूपीएक्स० आणि यूपीएक्स१ अशी असतात. मालवेअर लिहिणारे नेमक्या या खुणा बिघडवतात: फाइल चालण्यासाठी स्टबला त्यांची गरज नसते, पण ‘-डी’ला असते. मिराय या बॉटनेटच्या, म्हणजे उपकरणे ताब्यात घेऊन त्यांचे जाळे बनवणाऱ्या मालवेअरच्या, अनेक लिनक्स नमुन्यांत हे चार बाइट बदललेले, किंवा हेडरमधील फाइलचा आणि ब्लॉकचा आकार शून्य केलेला आढळतो. चार बाइटच बदलले असतील, तर प्रतीमध्ये ते जिथे जिथे आहेत तिथे पूर्ववत लिहावेत. आकार शून्य केला असेल, तर फाइलच्या शेवटाजवळील पॅक-हेडरमध्ये मूळ आकार बहुधा शिल्लक असतो. तो दोन्ही जागी भरून ‘-टी’ पुन्हा चालवावी आणि ती यशस्वी झाली तरच ‘-डी’कडे वळावे.

एवढ्यानेही भागले नाही, तर फाइल वेगळ्या मशीनमध्ये डीबगरखाली, म्हणजे प्रोग्राम टप्प्याटप्प्याने थांबवून पाहू देणाऱ्या साधनात चालवावी लागते. ३२-बिट विंडोज फाइलमध्ये स्टब सुरुवातीलाच ‘पुशएडी’ या सूचनेने रजिस्टर (प्रोसेसरमधील तात्पुरत्या साठवणीच्या जागा) जपून ठेवतो आणि शेवटी ‘पॉपएडी’ने ती परत आणून दूरच्या पत्त्यावर उडी घेतो. त्या उडीवर ब्रेकपॉइंट (थांबण्याची खूण) लावून, मूळ कोडच्या पहिल्या सूचनेपाशी मेमरीचा डम्प घ्यावा, म्हणजे मेमरीतील मजकूर फाइलमध्ये उतरवावा, आणि प्रोग्राम बाहेरून घेत असलेल्या फंक्शनची यादी असलेले इम्पोर्ट टेबल नव्याने बांधावे.