ई-पुस्तक घेताना फाइल हाती येते का, ते आधी पाहा

ई-पुस्तकांच्या दुकानात ‘खरेदी करा’ असे बटण असले, तरी पुष्कळदा आपल्याला मिळतो तो केवळ वाचनाचा परवाना. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा ग्राहकांना पैसे परत मिळाले, पण घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली. किंडलची पुस्तके संगणकावर उतरवून यूएसबी केबलने उपकरणात घालण्याची सोयही ॲमेझॉनने फेब्रुवारी २०२५ मध्ये काढून घेतली.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी पुस्तकाच्या तपशिलात डीआरएम, म्हणजे नक्कल रोखणारे डिजिटल कुलूप, असल्याचा उल्लेख आहे का ते वाचावे. तसा उल्लेख कुठेच नसेल, तर त्या दुकानातील एखादे मोफत किंवा स्वस्त पुस्तक आधी घ्यावे, त्याची ईपब, म्हणजे ई-पुस्तकांच्या प्रचलित स्वरूपातील, फाइल दुसऱ्या संगणकावर न्यावी, इंटरनेट बंद करावे आणि कॅलिबरसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये ती उघडते का, हे तपासावे. उघडली नाही, तर महागडी पुस्तके तेथून घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. उघडली, तर प्रत्येक खरेदीची एक प्रत संगणकावर आणि दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवावी. आपण कोणते पान कधी वाचले, कोणत्या ओळी अधोरेखित केल्या, याची नोंदही अशा वाचनात विक्रेत्याच्या सर्व्हरवर जात नाही, आणि मला हा लाभ मालकीइतकाच मोलाचा वाटतो.

स्वामित्वहक्क संपलेली अनेक जुनी मराठी पुस्तके मराठी विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयातून ईपब किंवा पीडीएफ स्वरूपात विनामूल्य उतरवता येतात.