दगडी टाइल्स लावण्याआधी जुन्या बाथरूमची भिंत ठोकून बघा

नैसर्गिक दगड जड असतो. १० मिमी जाडीच्या संगमरवराचं वजन चौरस मीटरला साधारण २७ किलो भरतं, आणि ते सगळं पेलतं आतलं प्लास्टर. म्हणून आधी हातोडीच्या दांड्याने भिंत हलकेच ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक. ‘बद्द’ वाजलं की तिथलं प्लास्टर विटेपासून सुटलंय. तेवढा भाग विटेपर्यंत काढून सिमेंट प्लास्टर नव्याने करा. जुन्या घरात नळांच्या आसपास आणि खालच्या फूटभर पट्ट्यात हे हमखास सापडतं. ओल असेल तर आधी गळती शोधा, भिंत पूर्ण वाळू द्या.

जुना ऑइलपेंट खरवडायचाच. त्यावर लावलेली टाइल फक्त रंगाच्या भरवशावर राहते. मग भिंत उभ्या रेषेत सरळ आहे का बघायला ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन) सोडा. फुगवटे, खड्डे प्लास्टरनेच सारखे करा, चिकटवणीचा जाड थर देऊन नव्हे. वॉटरप्रूफिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. कोपरे आणि पाइपाभोवती जाळीची पट्टी दाबाच.

आणि फिक्या संगमरवराला पांढरीच चिकटवणी घ्या, करड्या रंगाची छटा दगडातून वर दिसते.